वाघदेवाच्या चढावर छगन मिस्तरी

छगन मिस्तरी मूळचा लोणखेड्याचा. बाप शहाद्याच्या एका कापसाच्या जिनात भट्टीला लाकडं घालता घालता संपला, तेव्हा आईनं ठरवलं की पोरगा भट्टीपुढे उभा राहणार नाही. तिनं त्याला त्याच जिनात इंजिनाला तेल द्यायच्या कामाला लावलं. भट्टीपेक्षा इंजिन थंड, एवढंच तिला समजत होतं. छगन तिथे आधी पट्टे शिवायला शिकला, मग बेअरिंग घासायला, आणि मालकानं मोटार आणल्यावर त्या मोटारीखाली शिरायला. पुढे बायको बाळंतपणात गेली. घरात मन लागेना म्हणून तो गाव सोडून अक्कलकुव्याला भीकमचंद शेठकडे ड्रायव्हर आणि मिस्तरी दोन्ही म्हणून राहिला.

कामाची त्याची एक रीत होती. बंद पडलेली गाडी चालू झाली तरी तो बोनेट लावत नसे. का बंद पडली ते आधी कळलं पाहिजे. जिनातले दुसरे मिस्तरी त्याची टर उडवायचे.

"चालू व्हयनी ना गाडी? मंग आते काय तिनी पत्रिका मांडस का, छगन?"

"ताप उतरना म्हनीसन दुखनं गयं का?" तो उलट विचारी आणि पुन्हा वाकून आत डोकं घाली.

सन अडतीसच्या उन्हाळ्यात मात्र त्यानं ही रीत मोडली. भीतीपोटी मोडली, आणि त्यापायी एका म्हातारीच्या गळ्याशी आलं.

शेठचा धंदा डोंगरातल्या मालाचा. मीठ, गूळ, कापड वर न्यायचं आणि मोहाची फुलं, चारोळी, डिंक खाली आणायचा. त्यासाठी त्यानं कुठल्याशा संस्थानातून काढून टाकलेली मोटार घेतली होती. मागच्या गाद्या उपटून, धड कापून, सागाच्या फळ्या ठोकून तिचा खटारा केला होता. पुढून राजा आणि मागून छकडा, असं बाजारातली माणसं म्हणत. रस्ता जंगलखात्यानं लाकूड काढायला पाडलेला. सपाटी संपली की वाघदेवाचा दगड लागे. शेंदूर फासलेला, वर चंद्र-सूर्य कोरलेले. दगडापासून चढ सुरू. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला दरी, आणि चढ संपला की वरचा पाडा.

दगडाजवळच भुरीबाईची झोपडी होती. नवरा नाही, मूल नाही. चढाआधी गाडी तिथे थांबे, तेव्हा ती ओढ्याचं पाणी मडक्यात भरून रेडिएटरसाठी आणून देई. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तापलेल्या बैलाला पाणी दाखवावं तसं ती गाडीला दाखवी.

होळीच्या सुमाराला एका फेरीत दुसऱ्या वळणावर वाघ आडवा आला. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, गाडीकडे पाहिलं आणि घाई न करता दरीत उतरला. छगननं क्लच न दाबताच ब्रेक मारला आणि इंजिन बंद पडलं. मागे पोत्यांवर वरच्या पाड्याचा हमाल दलसिंग बसला होता. तो एवढंच म्हणाला, "हालू नको, मिस्तरी. त्याना रस्ता शे."

ही गोष्ट शेठच्या आईनं, सूरजबाईनं ऐकली. घर जैनांचं, पण म्हातारी कुठल्याच देवाशी वाकडं घेणारी नव्हती.

"देवनी तुले तोंड दाखाडीसन सोडं, छगन," ती म्हणाली. "आते दर खेपले नारय फोड. नि पानी गाडीना काळजावर शिंपड. वरतून पत्रावर नको. जठे ती धडधडस तठे."

छगनला ते लगेच पटलं. घाबरलेल्या माणसाला करायला काहीतरी लागतं. तसाही तो चढाआधी बोनेटच्या बाजूचा पत्रा उघडून दोरीनं वर बांधायचा, इंजिनाला वारा लागावा म्हणून. पुढच्या फेरीला त्यानं दगडावर नारळ फोडला, एक वाटी देवापुढे ठेवली आणि दुसरीतलं पाणी हात जोडून उघड्या इंजिनावर शिंपडलं.

गाडी दुसऱ्या वळणावर बंद पडली.

आधी खोकली, मग धापा टाकल्या, मग गप्प. वाघ उभा होता नेमकी तीच जागा. दलसिंगनं उडी मारून मागच्या चाकांना दगड लावले. छगननं बॅटरीचे नट पाहिले, घट्ट होते. प्लग काढून पुसले. वायरी हलवून पाहिल्या. हाताला येईल ते सगळं चिंधीनं पुसलं आणि हँडल मारलं. गाडी चालू झाली. का थांबली होती ते कळलं नव्हतं. पण त्या वळणावर, पाठ दरीकडे करून, इंजिनात डोकं घालून उभं राहायची त्याची छाती नव्हती. त्यानं पत्रा लावला आणि निघाला.

पुढच्या फेरीला तेच झालं. त्याच्या पुढच्याही. सूरजबाईनं एकाचे दोन नारळ केले. छगन आता अंगारा लावावा तसं इंजिनाच्या अंगाअंगाला पाणी लावू लागला. गाडी थांबतच राहिली.

अशाच एका फेरीत भुरीबाई मडकं घेऊन येताना दिसली, तेव्हा दलसिंग पोत्यांवरून म्हणाला, "मिस्तरी, म्हतारी पानी पाजस नि गाडी मरस. तिना हातम्हा काय शे?"

बिघाड सापडत नाही असं म्हणण्यापेक्षा हसणं सोपं होतं. छगन हसला. "तिना हात थंडा शे. गाडी गारठी जास."

डोंगरात गाडीपेक्षा बोलणं आधी चढतं. त्या वर्षी वरच्या पाड्यात तापाची साथ होती. लेकरं जात होती. आणि मग एका फेरीला गाडी थांबली, ब्रेक धरेना, मागे सरली, दगड लावायला धावलेल्या दलसिंगचा पाय चाकाखाली सापडला. हाड चुरलं. त्याला झोळीत घालून वर नेलं. झोळीच्या पुढे बातमी गेली आणि बातमीबरोबर छगनची थट्टाही गेली. पाड्यात पोचेपर्यंत तिची थट्टा उरली नव्हती.

आठवड्याच्या बाजाराला जालमसिंग शेठच्या दुकानाशी आला. तो वरच्या पाड्याचा कारभारी. त्याचा स्वतःचा नातू तापात गेला होता. डोळे खोल गेलेले. छगनला त्यानं बाजूला घेतलं.

"मिस्तरी, पुढली खेप कव्हय?"

"पुढला बाजारना आधी."

"बरं. त्या दिवशी भुरी देवना दगडजोडे बठी. गाडी चढनी तर ती तिना घर जाई. नही चढनी, तर मंग आमनं आम्ही देखसूत."

"काय देखशात?"

"तू नको ईचारू."

विचारायची गरजही नव्हती. बाईला डाकण, म्हणजे चेटकीण, ठरवलं की झाडाला उलटं टांगून खाली मिरच्यांची धुरी देतात, हे छगननं जिनातल्या हमालांकडून ऐकलं होतं.

"जालमसिंगभाऊ, गाडीम्हा बिघाड शे. लोखंड शे ते. म्हतारीना काय संबंध?"

"मंग सांग ना," जालमसिंग म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "काय बिघाड शे?"

छगन वळला आणि दुकानात शिरला.

त्यानं शेठला सांगून पाहिलं. भीकमचंदनं तराजूवरून नजर न काढता म्हटलं, "त्यासनं त्यासले देखू दे. डोंगरसंगे वाकडं लिसन आपलं चालाव नही. तू गाडी दुरुस्त कर म्हणजे झायं."

त्या दिवसापासून छगन गाडीच्या शेडमध्ये राहिला. त्यानं कामाला सुरुवात बॅटरीपासून केली. बॅटरी उतरवली, तिच्या टोकांचं शिसं चकचकीत होईपर्यंत घासलं. तिथून एक एक वायर धरून पुढे गेला. दिव्याच्या बल्बला दोन तारा जोडून प्रत्येक जोडाला लावून पाहिलं. दिवा प्रत्येक ठिकाणी लागला. बॅटरीची पट्टी जिथे सांगाड्याला बसते तिथला गंज खरवडला. स्विच उघडला. ठिणगी पाडणारे पॉइंट घासून त्यांच्यामधली फट नखाच्या जाडीची केली. तापल्यावर ठिणगी तयार करणारी कॉइल दगा देते म्हणून ती काढून दुपारभर उन्हात तापत ठेवली आणि गरम असतानाच लावून इंजिन चालवलं. इंजिन सुरळीत चाललं.

कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, मिस्तरीचं काम चांगलं चाललंय. पण जिथे हात घालावा तो भाग चांगला निघे. वाईट भाग सापडायला हवा होता. एक तुटकी तार सापडली असती तर तो ती मुठीत धरून धावत डोंगर चढला असता.

मग त्यानं गाडीत दगड भरले आणि गावाबाहेरच्या टेकाडावर घातली. तो चढ वाघदेवाच्या चढाएवढाच उभा होता. गाडी एकदाही न खोकता वर गेली. छगन टेकाडावर उतरला आणि चाकाला टेकून बसला. गाडी चांगली आहे. फक्त तिथेच थांबते. मग तिथे काय आहे? दगड, वाघ आणि ती म्हातारी. लोक म्हणतात ते खरं असलं तर? इतकी वर्षं मडकं घेऊन येणारा तो हात त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि आपण त्या हाताला भितो आहोत हे त्याचं त्यालाच कळलं.

सकाळी शेडमध्ये मुंग्यांची रांग टायरवरून इंजिनाकडे चढत होती. गुळाच्या ढेपा वाहणारी गाडी, मुंग्या येणारच. त्यानं त्या झटकल्या. खिळ्याला अडकवलेली पुसायची चिंधी मुंग्यांनी काळी झाली होती. तेलाच्या चिंधीला मुंग्या कशा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. गुळाचे हात पुसले असतील म्हणून त्यानं तीही झटकली आणि पुन्हा पॉइंटकडे वळला.

जायचा दिवस उजाडला. सूरजबाईनं नारळ हातात ठेवला. "आज मोठा दिधा. सगळं पानी दे. कंजुषी नको करू."

दुसरा हमाल यायला तयार नव्हता. छगन एकटाच निघाला.

दगडापाशी माणसं आधीच येऊन बसली होती. मोहाच्या झाडांखाली, तीरकमठे मांडीवर. भुरीबाई दगडाशी उकिडवी बसली होती. तिला बांधलेलं नव्हतं. पळून जाणार कुठे? तिच्याजवळ मडकं होतं. आजही तिनं पाणी भरून आणलं होतं.

छगन उतरला तशी ती म्हणाली, "पानी टाक आधी. गाडी तपेल शे."

छगनला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही. त्यानं मडकं घेतलं, रेडिएटर भरला, मडकं परत दिलं. पत्रा उघडून दोरीनं बांधला. इंजिन चालूच ठेवलं होतं. बंद केलं तर पुन्हा लागेल याची खात्री नव्हती.

"नारय फोड नि चाल," जालमसिंग म्हणाला. "लोकं बठेल शेतस."

छगननं नारळ फोडला. घाईत अर्धं पाणी दगडाच्या पायाशी सांडलं. उरलेलं वाटीत घेऊन तो इंजिनाकडे वळणार, तोच त्याची नजर खाली गेली. मागच्या फेऱ्यांच्या करवंट्या तिथेच पडल्या होत्या. त्यांच्याखालून मुंग्या निघाल्या आणि ताज्या ओलीकडे धावल्या. बघता बघता ओल काळी झाली.

छगन वाटी धरून तसाच उभा राहिला. शेडमधली चिंधी त्याला आठवली. त्या चिंधीनं त्यानं गूळ पुसला नव्हता. वळणावर थांबलेलं इंजिन पुसलं होतं. त्यानं एक बोट वाटीत बुडवून जिभेला लावलं. गोड.

इंजिनाच्या अंगाला, उघड्या पत्र्यापासून वीतभर आत, एक काळा डबा असतो. कॉइलची ठिणगी तिथे येते आणि तिथून वायरींनी एकेका प्लगला वाटली जाते. डब्याचं टोपण कोरडं असलं तर ठिणगी वायरीनं जाते. टोपण ओलं असलं, आणि त्यातही गोड चिकट ओल असली, तर ठिणगी ओलीवरून घसरून लोखंडात मुरते. दर वेळी छगननं ते पाणी स्वतःच्या हातानं तिथे घातलं होतं. दर वेळी गाडी थांबल्यावर स्वतःच्याच हातानं ते पुसलं होतं, आणि प्लग साफ केले म्हणून गाडी चालू झाली असं समजून पुढे गेला होता. टेकाडावर नारळ फोडलाच नव्हता.

पण हे सगळं डोक्यातलं होतं. डोक्यातलं चुकलं तर भुरीबाई झाडावर.

त्यानं एक थेंब टोपणावर टाकला आणि कान लावला. इंजिन चालत राहिलं. आणखी दोन थेंब टाकले. चालतच राहिलं. मग तो दात ओठ खाऊन स्वतःवरच चिडला. उभ्या गाडीला कसली ठिणगी लागते? हलकी पुरते. चढावर भार पडला की जोराची लागते, आणि जोराची ठिणगी वाट चुकते. भार टाकल्याशिवाय काय कळणार?

त्यानं पुढच्या चाकांना मोठे दगड लावले, हातब्रेक ओढला, गाडीत बसला, गिअर घातला आणि ब्रेक न सोडता क्लच हळूहळू सोडत पेट्रोल दिलं. गाडी जागच्या जागी थरथरली, नाक खाली घातलं आणि खोकली. तोच खोकला. छगननं तो शंभर गाड्यांतून ओळखला असता.

"काय करी ऱ्हायना, मिस्तरी?" जालमसिंगनं विचारलं. "गाडी नाचाडी ऱ्हायना का?"

छगन उतरला. डोक्याचं पागोटं सोडून त्याच्या कोरड्या टोकानं त्यानं टोपण पुसलं, वायरींची बुडं पुसली, बोटानं चाचपून पुन्हा पुसली. परत बसला. क्लच सोडला. गाडी थरथरली. खोकली नाही.

"जालमसिंगभाऊ, आठे ये. तू ईचारं व्हतं ना काय बिघाड शे? देख."

त्यानं कारभाऱ्याला जवळ उभं केलं, थेंब टाकून खोकला ऐकवला आणि पुसून बंद करून दाखवला. जालमसिंगनं लक्ष देऊन पाहिलं. मग भुरीबाईकडे पाहिलं.

"ती जोडे बठेल शे, म्हनीसन खोकलस."

"मंग पुसावर कसाले थांबस?"

"ते तिले माहीत. चढावर दाखाड."

छगनला कळलं की डबा दाखवून हा माणूस ऐकणार नाही. ज्याचा नातू गेला त्याला डबा नको होता. त्याला कारण हवं होतं.

"बरं," छगन म्हणाला. "एक सांग. वाघदेवले नारय कोनी सांगा?"

"तुम्हीच लयनात. आमना देव नारय मांगस नही. दारूना थेंब नि दाना, बस."

"मंग हाई नारय देवलेच ऱ्हाऊ दे." छगननं वाटीतलं सगळं पाणी गाडीपासून लांब, दगडाच्या पायाशी ओतलं. ओतताना त्याचे डोळे मिटलेले होते. वाघ, देव, सूरजबाई, तिघांचीही भीती अजून त्याच्या अंगात होती. फक्त आता त्यांच्याही पुढे आणखी एक भीती उभी होती. "नि भुरीमाय दगडजोडे नही बसाव. मन्हासंगे गाडीम्हा बठी. डाकण गाडीम्हा बठनी नि गाडी चढनी, तर काय म्हनशी?"

माणसांत कुजबुज झाली. जालमसिंगनं चढाकडे पाहिलं.

"चढनी तर ती डाकण नही."

"सगळासम्होरे सांग."

जालमसिंगनं भिलीत मोठ्यानं सांगितलं. झाडांखालची डोकी हलली.

आता अडली ती भुरीबाईच. ती दगडाला पाठ लावून बसली. "मी त्याम्हा नही बठाव. वाघना तोंडम्हा बठेल बरी."

"माय, बठ."

"ती पेटस. धूर काढस. माले आठेच मारा."

"मी शे ना संगे."

"तू शे म्हनीसनच." झाडांखाली कुणीतरी हसलं. छगनला ते हसू झोंबलं. असंच हसू तोही एकदा हसला होता. तो तिच्यापुढे मातीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "माय, तुन्हा हात थंडा शे असं मी म्हनं व्हतं. मीच म्हनं व्हतं. आते बठ."

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. उठली, मडकं उचललं, आणि मडक्यासकट गाडीत बसली. मडक्यात अजून निम्मं पाणी होतं. छगननं ते खाली ठेवायला सांगितलं तर तिनं छातीशी आणखी घट्ट धरलं.

त्यानं चाकांचे दगड काढले आणि गाडी चढावर घातली.

मागे दगड लावायला कुणी नव्हतं. उलट सगळी माणसं गाडीच्या मागोमाग चालू लागली होती. छगननं ओरडून सांगितलं, "बाजूले व्हा! गाडी मांगे उनी तर मरशात!" कुणी हटलं नाही. गाडी सरली तर आधी ती माणसं, मग दरी. हातब्रेक किती झिजलाय ते त्यालाच ठाऊक होतं. पहिलं वळण गेलं. घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात सोडवेना. म्हातारी डोळे मिटून तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती, आणि मडक्यातलं पाणी दर हिसक्याला छगनच्या पायांवर सांडत होतं.

दुसरं वळण आलं.

गाडी खोकली.

काय राहिलं? टोपण पुसलं. वायरींची बुडं पुसली. टोपणाच्या खालची कड? ती चाचपली का? आठवेना. गाडी पुन्हा खोकली, वेग पडला. मागे माणसांचा गलका उठला. घाबरून पेट्रोल दाबावं असं पायाला वाटत होतं, आणि दाबलं तर भार वाढून ठिणगी उरलेल्या ओलीत जाईल हे डोक्याला कळत होतं. त्यानं पाय होता तिथेच ठेवला. चाललं तर चाललं, इंजिनाची धग उरलेली ओल सुकवेल. त्याच्या हातात तेवढंच होतं.

"मरनी का?" भुरीबाईनं डोळे न उघडता विचारलं.

"नही. खोकलनी."

आणखी एक खोकला आला, आधीच्यापेक्षा बारीक. मग इंजिनाचा आवाज एकसारखा झाला. वळण मागे पडलं.

पाड्यात गाडी उभी राहिली. दलसिंग पाय बांधून अंगणात खाटेवर पडला होता. इंजिनाचा आवाज ऐकून त्यानं हाक मारली, "चढनी का, मिस्तरी?"

"चढनी."

"मंग मन्हा पाय कसाले गया?"

छगन खाटेशी गेला. "मन्हा चुकीमुळे," तो म्हणाला. दलसिंगनं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं माणसं धापा टाकत पोचली. भुरीबाई अजून गाडीतच होती, मडक्याला मिठी मारून. जालमसिंग तिच्यापुढे उभा राहिला. क्षमा वगैरे तो मागणार नव्हता आणि तिलाही ती नको होती.

"उतर, भुरी," तो म्हणाला. "घर जा."

ती उतरली. कुणाचा हात धरला नाही. मडक्यात उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि चढ उतरून चालत गेली. परत गाडीत बसायला तिनं साफ नकार दिला.

अक्कलकुव्याला छगननं काळा डबा पूर्ण उतरवला. टोपणाच्या खालच्या कडेला केसासारखी काळी रेघ निघाली. ओलीवरून घसरणाऱ्या ठिणगीनं जाळलेली. ती त्यानं पात्यानं खरवडली, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा खरवडली. बोनेट त्यानंतरच लावलं. सूरजबाईनं विचारलं, "काळजावर शिंपडं ना?" तो म्हणाला, "देवले पोचनं, माय." पुढे नारळ दर खेपेला फुटत राहिला, दगडाच्या पायाशी, गाडीपासून लांब. गाडी त्या चढावर पुन्हा थांबली नाही.

छगननं पुढे पुष्कळ वर्षं गाड्या चालवल्या. चढ आला की तो उतरून डब्याचं टोपण चाचपे. बरोबरचे हसत, हसू देई. कुणाच्या हाताबद्दल, डोळ्याबद्दल, नजरेबद्दल त्याच्यासमोर थट्टा निघाली तर उठून जाई.

भुरीबाई तिच्याच झोपडीत राहिली. तिला कुणी हात लावला नाही. पण गाडीचा आवाज आला की ती आत जाऊन ताटी लावून घेई. पाणी घेऊन ती परत कधी बाहेर आली नाही. पाड्याकडे जाणारी माणसं मात्र तिच्या दारावरून अजून थोडी भरभर चालत.

त्या दिवसानंतर गाडीची पहिली फेरी आली तेव्हा छगन ओढ्याकडे स्वतःच डबा घेऊन निघाला. जाताना दगडापाशी थबकला. देवाच्या बाजूला सावलीत मडकं ठेवलेलं होतं. काठोकाठ भरलेलं, वर पळसाचं पान. ताटी बंद होती. त्यानं हाक मारली नाही. पाणी रेडिएटरमध्ये घातलं, रिकामं मडकं होतं तिथे ठेवलं, आणि फोडलेल्या नारळाची एक वाटी त्यात टाकली. मुंग्या लागू नयेत म्हणून वरून पान झाकलं.